अंगणातला ॲश वाचवायचा की पाडायचा? खोडातल्या इंजेक्शनची पायरीपायरीने माहिती

अमेरिकेत घर घेताना होम इन्स्पेक्टर छप्पर, फर्नेस, बेसमेंटमधली ओल सगळं तपासतो. मागच्या अंगणातली झाडं मात्र त्याच्या यादीत नसतात. मग दोन-तीन उन्हाळे गेले की एखाद्या मोठ्या ॲशच्या झाडाचा शेंडा विरळ दिसायला लागतो, कुणीतरी दार वाजवून "तुमच्या झाडाला बोरर (खोड पोखरणारी कीड) लागलाय" असं सांगतो, आणि आपण एकतर घाबरून तिथल्या तिथे सही करतो, नाहीतर "बघू पुढच्या वर्षी" म्हणून दार लावतो. दोन्ही महागात पडतं. मी मध्य न्यू जर्सीत राहतो आणि या सगळ्यातून गेलोय. शिकागो, डेट्रॉइट, कोलंबस किंवा टोरांटोकडे राहणाऱ्यांनाही हे बहुतांशी जसंच्या तसं लागू पडेल. प्रत्यक्ष इंजेक्शन, म्हणजे खोडात औषध सोडणं, तासाभराचं काम आहे. पैसे वाया जातात ते त्याआधी घेतलेल्या किंवा न घेतलेल्या निर्णयांमुळे, म्हणून खाली त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी किडीबद्दल थोडं. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवागार, चकाकणारा भुंगेरा आहे, लांबी जेमतेम अर्धा इंच. मूळचा चीन, कोरिया, पूर्व रशिया या भागातला. बहुधा मालाच्या पॅकिंगच्या लाकडातून तो इकडे आला. २००२ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटजवळ आणि नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरला तो पहिल्यांदा ओळखला गेला. झाडांच्या वर्तुळांवरून नंतर कळलं, की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनच तो तिथे मुक्कामाला होता. न्यू जर्सीत तो २०१४ साली सापडला, तोही ब्रिजवॉटरला, म्हणजे बालाजी मंदिराच्या गावात. आज तो पस्तीसहून जास्त राज्यांत आहे आणि कोट्यवधी झाडं त्याने खाल्ली आहेत. बेसबॉलच्या बॅटी पिढ्यान्‌पिढ्या ॲशच्या होत्या, आपल्या क्रिकेटचे स्टंपही परंपरेने ॲशचेच. त्या लाकडाचं झाड असं डोळ्यांदेखत संपत चाललंय.

भुंगेरा पानं कुरतडतो, त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. मारते ती अळी. ती सालीच्या लगेच खाली नागमोडी बोगदे करत जाते आणि पानांत तयार झालेलं अन्न ज्या थरातून खाली मुळांकडे जातं तोच थर तोडते. कोकणातल्या वाचकाला हे आंब्याच्या भिरुडासारखं वाटेल, आणि हात लगेच तारेकडे जाईल. भोकात तार घालायची, अळी ओढून काढायची, बोळा कोंबून वर चिखल लिंपायचा. इथे हा उपाय चालत नाही. आंब्यात मोजक्या अळ्या असतात, इथे एका मोठ्या झाडात शेकड्यांनी, आणि त्यांची भोकं बाहेरून दिसतात ती अळीचा भुंगेरा होऊन उडून गेल्यावर. म्हणून औषध आतूनच पोचवावं लागतं. झाड ज्या वाटेने पाणी वर ओढतं त्या वाटेने.

१. झाड ॲशच आहे याची खात्री करा

हसू नका. भलत्याच झाडाचं कोटेशन हातात घेऊन बसलेले लोक मी पाहिलेत. ॲशच्या फांद्या आणि पानं समोरासमोर, जोडीने फुटतात. पान संयुक्त असतं, एका देठावर बहुधा ५ ते ९, कधी ११ पर्णिका. मोठ्या झाडाच्या सालीवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या चिरा उमटलेल्या दिसतात. बी एकपंखी असतं, झुपक्याने लोंबतं.

फसवणारी झाडं तीन प्रकारची. अक्रोड आणि हिकरीची पानं संयुक्त असतात, पण फांद्या एकाआड एक फुटतात. बॉक्सएल्डरच्या फांद्या समोरासमोर असतात, पण पर्णिका सहसा ३ ते ५ आणि बिया जोडीने. तिसरं म्हणजे माउंटन ॲश, लाल-केशरी फळांच्या घोसांचं. त्याच्या नावात ॲश असला तरी ते त्या कुळातलं नाही आणि हा बोरर त्याला लागत नाही. खात्री नसेल तर फांदीचा, पानाचा आणि सालीचा फोटो काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला (विद्यापीठाच्या कृषी सल्ला केंद्राला) पाठवा. न्यू जर्सीत हे काम रटगर्स विद्यापीठाचं आहे.

२. रोग बोररचाच आहे का, आणि किती पुढे गेलाय?

ओळखीच्या खुणा अशा: शेंड्याकडून विरळ होत येणारा पर्णसंभार, खोडाच्या बुंध्यातून फुटणारे धुमारे, सालीत उभ्या भेगा, आणि इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची सुमारे ३ मिलिमीटरची छिद्रं, एक बाजू सरळ आणि दुसरी गोल. छिद्रं पूर्ण गोल असतील तर तो बहुधा इथला देशी पोखरकिडा, त्याचा उपाय वेगळा. वसंतात ओल्या हवेत डाग पडून पानं गळाली तर ती बुरशी, आणि तिच्यासाठी खोडात औषध भरायची गरज नाही.

सर्वांत लवकर खबर देतो तो सुतारपक्षी. अळ्यांसाठी तो वरच्या फांद्यांची साल सोलतो आणि तिथे फिकट पिवळसर पट्टे दिसू लागतात. हिवाळ्यात, पानं नसताना, दुर्बीण घेऊन शेंडा बघा. किडीची सुरुवात वरून होते. छिद्रं आपल्या नजरेच्या उंचीवर आली म्हणजे वरती काही वर्षं तिचं राज्य चाललंय असं समजा.

आता मुख्य आकडा. जून-जुलैमध्ये, पानं पूर्ण आलेली असताना, निरोगी असता तर झाड किती भरलेलं दिसलं असतं याचा अंदाज घ्या. त्यातलं ३० टक्क्यांपर्यंत गेलं असेल तर वाचवायला अर्थ आहे. ५० टक्के गेलं असेल तर औषध देऊ नका, पाडण्याचं कोटेशन मागा. कारण साधं आहे. औषध पाण्याबरोबर वर चढतं. बोगद्यांनी आतली वाहतूकच तोडली असेल तर औषध वर पोचतच नाही आणि तुम्ही मेलेल्या झाडाला दर दोन वर्षांनी पैसे देत बसता.

झाड धडधाकट असेल, पण गावात किंवा शेजारच्या गावात बोरर सापडला असेल, तर हीच औषध द्यायची सर्वांत चांगली वेळ. उपचार न केलेलं झाड लागण झाल्यावर साधारण ३ ते ५ वर्षांत मरतं.

३. झाड तुमच्या मालकीचं आहे का?

फुटपाथ आणि रस्ता यांच्या मधल्या पट्टीतलं झाड बहुतेक गावांत टाउनशिपचं, म्हणजे गावाच्या नगरपालिकेचं असतं. त्याला हात लावायला परवानगी लागते, आणि काही ठिकाणी टाउनशिपच उपचार करते. टाउनहाउस असेल तर एचओएला, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेला, लेखी विचारा, तोंडी होकारावर जाऊ नका. झाड कुंपणाच्या रेषेवर असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला. खर्च वाटून घ्यायला लोक बऱ्याचदा तयार असतात, कारण झाड पडलं तर त्यांच्याही छपरावर पडणार असतं.

४. औषध कोणतं?

इमामेक्टिन बेंझोएट. हे नाव गावाकडे शेती असणाऱ्यांच्या ओळखीचं असेल, कापसाच्या बोंडअळीवर आणि तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर हेच फवारतात. ॲशसाठी खोडात इंजेक्शनने देण्याचं त्याचं वेगळं द्रावण मिळतं. ट्री-एज हे त्यातलं सर्वांत जुनं, प्रसिद्ध नाव. एकदा दिलं की दोन वर्षं चालतं, किडीचा जोर कमी असेल तर तीन. मोठ्या झाडासाठी इतका खात्रीचा दुसरा पर्याय नाही, माझं मत यावर ठाम आहे. आणि एक विनंती: गावाकडून फवारणीची पावडर बॅगेत घालून आणू नका. इथे नोंदणी नसलेलं कीटकनाशक आणणं बेकायदा आहे, शिवाय ती पावडर खोडात भरण्यासाठी बनलेलीच नाही.

ॲझाडिरॅक्टिन. म्हणजे आपल्या कडुलिंबाच्या बियांतला अर्क. कॅनडात ट्रीअझिन या नावाने तो खोडात देतात, टोरांटोशेजारच्या ओकव्हिल गावाने रस्त्यांवरचे ॲश याच्यावर जगवले. सौम्य आहे, लवकर विरतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो आणि किडीचा जोर असेल तर दरवर्षी. भारतीय दुकानातलं कडुलिंबाचं तेल बुंध्याला चोळून यातलं काहीही होत नाही.

इमिडाक्लोप्रिड. पाण्यात कालवून बुंध्याभोवती मातीत ओततात. स्वस्त, पण दरवर्षी करावं लागतं आणि साधारण १५ इंचांपेक्षा जाड झाडावर घरगुती मात्रेचा भरवसा नाही. आपल्या लोकांसाठी यात मोठा धोका आहे. ॲशच्या सावलीच्या कडेला मेथी, मिरच्या, कढीपत्त्याच्या कुंड्या, देवाच्या फुलांचे वाफे असतात. मुळं तिथपर्यंत पोचलेली असतात आणि हे औषध मातीतून कुठल्याही झाडात शिरतं. खायच्या भाज्यांजवळ ते वापरू नये आणि मधमाश्या येतात त्या फुलझाडांजवळही नाही. शिवाय न्यू जर्सी, मेरीलँड अशा काही राज्यांनी या गटातल्या औषधांच्या घरगुती वापरावर बंधनं घातली आहेत. तुमच्या राज्यात काय चालतं ते विचारूनच दुकानात जा.

५. मोजमाप स्वतः घ्या

औषधाची मात्रा आणि बिल दोन्ही खोडाच्या व्यासावर ठरतात, म्हणून हा आकडा तुमच्याकडे आधीपासून हवा. जमिनीपासून साडेचार फुटांवर शिंप्याच्या टेपने घेर मोजा, त्याला ३.१४ ने भागा. घेर ५० इंच असेल तर व्यास साधारण १६ इंच. मला मिळालेले दर इंचाला १० ते १५ डॉलरच्या दरम्यान होते. तुमच्या भागात फरक असू शकतो. १६ इंचांचं झाड म्हणजे दोन वर्षांना १६० ते २४० डॉलर. पाडायचं झालं तर याच झाडाला हजाराच्या वर लागू शकतात. कोटेशनमध्ये १६ चं १९ झालेलं दिसलं तर नम्रपणे टेप पुढे करा.

६. माणूस निवडा

दार वाजवून आलेल्याला आजच होकार द्यायचा नाही. किमान दोन कोटेशनं घ्या. घासाघीस करायची असेल तर झाडांच्या संख्येवर करा, शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून बोलावलं की दर खाली येतो. औषधाच्या मात्रेवर घासाघीस करू नका.

हे कागद मागा:

- कीटकनाशक वापरण्याच्या राज्य परवान्याचा क्रमांक (इमामेक्टिनची काही द्रावणं फक्त परवानाधारकालाच वापरता येतात)
- आयएसए (वृक्षतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था) प्रमाणित आर्बोरिस्ट, म्हणजे वृक्षतज्ज्ञ, असल्याचा दाखला. न्यू जर्सीत राज्याचा ट्री एक्स्पर्ट परवानाही
- लायबिलिटी आणि कामगार अपघात विमा, दोन्हींची प्रमाणपत्रं, तीही थेट विमा कंपनीकडून आलेली
- लेखी कोटेशन: झाडाची जात, व्यास इंचात, औषधाचं नाव आणि त्यातलं मूळ रसायन, मात्रा, किती वर्षांसाठी
- एचओए किंवा टाउनशिपची परवानगी, लागत असेल तर

परवान्याबद्दल विचारल्यावर जो चिडतो त्याला निरोप द्या. सापळे ठरलेले आहेत. "इमामेक्टिन दरवर्षी द्यायला हवं" हा पहिला. खत, मुळांना टॉनिक, फवारणी असं सगळं एका पॅकेजमध्ये गुंडाळून विकणं हा दुसरा. खत दिल्याने बोरर जात नाही. तिसरा म्हणजे "शेंडा छाटू, मग रोग खाली उतरणार नाही". शेंडा छाटला की झाड आणखी अशक्त होतं, आणि औषध वर ओढणारी पानं तुम्हीच कमी केलेली असतात.

७. तारीख

पानं पूर्ण उघडल्यावर, न्यू जर्सीच्या हवामानात मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. तेव्हा झाड जोरात पाणी ओढत असतं, आणि नव्या अळ्या अंड्यांतून बाहेर येतात तेव्हा औषध जागेवर असतं. त्यानंतर उन्हाळ्यातही देता येतं, फक्त त्या वर्षीचं थोडं नुकसान होऊन गेलेलं असतं. पानगळ सुरू झाल्यावर देण्यात अर्थ नाही.

चांगल्या कंपन्यांची मे-जूनची वेळ मार्चमध्येच भरते. कोटेशनं फेब्रुवारीत मागवा.

८. इंजेक्शनच्या दिवशी

आठवडाभर पाऊस नसेल तर दोन दिवस आधी झाडाला सावकाश, भरपूर पाणी घाला. कोरड्या मातीत उभं असलेलं झाड औषध ओढत नाही आणि माणूस तास-तास पंप धरून बसतो. सकाळची वेळ चांगली. बुंध्याभोवती मल्चचा (लाकडाच्या तुकड्यांच्या आच्छादनाचा) डोंगर रचलेला असेल तर आदल्या दिवशी बाजूला सारा, मुळं जिथे पसरायला लागतात तो फुगीर भाग उघडा दिसायला हवा.

भोकं तिथेच, जमिनीलगत पाडतात. साधारण हिशोब असा की व्यासाच्या इंचांच्या निम्मी भोकं, म्हणजे १६ इंचांना ८, बुंध्याभोवती सारख्या अंतरावर. हा हिशोब यंत्रागणिक बदलतो आणि शेवटचा शब्द औषधाच्या लेबलचा. अमेरिकेत लेबल म्हणजे कायदा आहे, सल्ला नाही. भोक सालीपलीकडे लाकडात अर्ध्या इंचाच्या आसपासच जातं. ॲश आपलं बहुतेक पाणी सर्वांत बाहेरच्या, ताज्या वर्तुळातून नेतो, त्यामुळे खोल गेल्याने औषध जास्त चढत नाही, जखम तेवढी वाढते. ड्रिलचं पातं धारदार हवं, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना अल्कोहोलने पुसलेलं. जुनी जखम, कुजलेला किंवा सैल सालीचा भाग टाळायला सांगा.

भोकात प्लास्टिकचं बूच बसवून त्यातून दाबाने औषध सोडतात. चांगल्या हवेत काही मिनिटांत आत जातं. सालीवरून ओघळ आला तर बूच नीट बसलेलं नाही, तिथेच थांबवून पुन्हा बसवायला लावा. ओघळलेलं औषध झाडात गेलेलं नाही आणि तुमच्या मुलांच्या हाताला लागू शकतं. काम चालू असताना मुलं आणि कुत्रा घरात. बूच आतच राहतं, पुढे साल त्यावरून वाढते. त्यावर सिमेंट, माती, रंग काहीही लिंपू नका.

जाण्याआधी त्यांच्याकडून नोंदीचा कागद घ्या: तारीख, औषधाचं नाव, ईपीए (केंद्राची पर्यावरण संस्था) नोंदणी क्रमांक, किती मिलिलिटर, किती भोकं. घर विकताना हा कागद खरेदीदाराला दाखवता येतो.

अंगणात पाइन असेल आणि "त्यालाही आजच देऊन टाकू" असा प्रस्ताव आला तर थांबा. पाइनच्या खोडात राळ असते, भोक पाडलं की ती पाझरून तोंड बंद करायला लागते, आणि त्याची पाणी वाहण्याची रचनाही ॲशपेक्षा वेगळी, हळू चालणारी. त्याची कीड कोणती हे आधी ओळखावं लागतं, मग औषध, दाब, वेळ सगळं नव्याने ठरतं. ॲशचा बोरर पाइनला लागत नाही.

९. पुढची दोन वर्षं

त्याच उन्हाळ्यात झाड हिरवंगार होईल अशी अपेक्षा ठेवू नका. आधीच तुटलेली वाहतूक जुळायला वेळ लागतो, आणि पहिल्या वर्षी शेंडा आणखी थोडा विरळ दिसला तरी घाबरू नका. फरक दुसऱ्या वर्षी कळतो. दर जुलैमध्ये त्याच जागेवरून, त्याच कोनातून एक फोटो काढून ठेवा. वाळलेल्या फांद्या काढून टाका, दुष्काळात पाणी द्या, गवत कापायचं यंत्र बुंध्याला घासू देऊ नका. पुढच्या इंजेक्शनची तारीख कॅलेंडरमध्ये आत्ताच टाका. कंपनी आठवण करेल यावर विसंबू नका, घर बदललं किंवा कंपनी बंद पडली की साखळी तुटते. पुढच्या वेळी भोकं जुन्या भोकांच्या मधल्या जागेत पाडायची.

सरकारने २००७ पासून या किडीवर जगणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या चीनमधून आणून जंगलांत सोडल्या आहेत. जंगलातल्या नव्या रोपांना त्यांचा उपयोग होतोय, पण तुमच्या घरामागचं जुनं झाड त्यांच्या भरवशावर सोडता येणार नाही.

१०. वाचणार नसेल तर

लवकर पाडा. मेलेला ॲश फार झपाट्याने ठिसूळ होतो, फांद्या वाऱ्याशिवायही तुटतात. अशा झाडावर चढायला माणसं तयार होत नाहीत, क्रेन बोलवावी लागते आणि खर्च चढतो. पाडण्याआधी टाउनशिपचा परवाना लागतो का ते बघा, मेलेल्या किंवा रोगट झाडाला तो बहुधा सहज मिळतो, फोटो जोडायचे.

लाकूड गाडीत टाकून पोकोनोजला (शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांत) कॅम्पिंगला नेऊ नका. ॲशचं लाकूड लागण झालेल्या भागाबाहेर नेण्यावरची केंद्र सरकारची बंदी १४ जानेवारी २०२१ ला उठली, पण राज्यांचे आपापले नियम आहेत, आणि ही कीड इतकी पसरली ती मोठ्या प्रमाणावर लोकांनी वाहून नेलेल्या जळणातूनच. जिथलं लाकूड तिथेच जाळा किंवा चिप करून घ्या.

त्या जागी नवीन झाड लावताना शेजाऱ्यांनी काय लावलंय ते बघा आणि वेगळं निवडा. गेल्या शतकात डच एल्म रोगाने रस्त्यांवरचे एल्म गेले, तेव्हा गावांनी त्यांच्या जागी सरसकट ॲश लावले, आणि आता रांगाच्या रांगा एकदम जाताहेत. ओक, ब्लॅकगम, हॉर्नबीम यांपैकी तुमच्या मातीला मानवेल ते घ्या. आणि बुंधा उकरायला यंत्र लावण्याआधी ८११ ला फोन करून गॅस आणि केबलच्या लाइनी आखून घ्या. फोन फुकट असतो, आखणीला काही दिवस लागतात.